आधी काय गेलं ते ऐक

डॅक घेतलास हे चांगलं केलंस. सात-आठ हजारांत आज जे मिळतं, त्यासाठी पंधरा-वीस वर्षांपूर्वी याच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागायचे, तेव्हा स्वस्तातला घेतला म्हणून मनात किंतू ठेवू नकोस. पण "मामा, लावल्या लावल्या आवाज एकदम खुलला" असं तू फोनवर म्हणालीस तेव्हा मी नुसतं हं म्हटलं. त्यामागे कारण होतं. ते फोनवर सांगून भागणारं नव्हतं, म्हणून लिहितो आहे.

खुलला असं वाटण्याचं कारण बहुतेक वेळा अगदी साधं असतं. आवाज मोठा झालेला असतो. सीडी प्लेअरच्या जमान्यापासून घरातल्या यंत्रांच्या लाइन आउटची पातळी साधारण २ व्होल्ट धरली जाते आणि तुझा डॅकही तेवढंच देतो. बहुतेक लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून १ व्होल्टच्या आसपास येतं. म्हणजे अँपची कळ जागची न हलवता नुसती वायर बदललीस तरी आवाज ६ डेसिबलने चढला. एवढा फरक निदान कळतो तरी. एखाद्या डेसिबलचा असला तर आपल्या कानाला तो 'मोठा' असा कळतच नाही, 'स्वच्छ', 'भरीव', 'जवळचा' असा कळतो. दुकानात दोन यंत्रं शेजारी लावून दाखवतात तिथेही हेच होतं. म्हणून तुलना करायची असेल तर आधी पातळी जुळव.

त्याला मल्टिमीटर पुरतो. कुठल्याही टोन जनरेटर ॲपमधून १०० हर्ट्‌झचा सलग सूर लाव, आवाज हळू ठेव, मीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या लाल-काळ्या टोकांवर मोज. मीटरच्या दोन सळया एकमेकींना टेकू देऊ नकोस, अँप जाईल. आकडा लिहून ठेव. मग अँपची कळ न हलवता डॅक लाव आणि प्लेअरमधला आवाज तोच आकडा येईपर्यंत खाली आण. आधी ०.५० होतं तर आताही ०.५० हवं, शंभरात एकाचा फरक चालेल. कान जुळवतो म्हणशील तर कानाने हे जमत नाही, भल्याभल्यांना जमत नाही. हे केल्यावर तो खुललेला आवाज किती उरतो ते बघ. काही उरला तर तो डॅकचा.

आता डॅक नेमकं काय करतो ते थोडक्यात. १९८२ साली सीडी बाजारात आली तेव्हापासून गाणं म्हणजे डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूला सेकंदाला ४४,१०० आकडे, प्रत्येक आकडा ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक. त्या आकड्यांची पुन्हा वीज करून अँपकडे पाठवायची एवढंच याचं काम. हेच काम तुझा फोन करतो, लॅपटॉप करतो, ब्लूटूथ स्पीकरही स्वतःच्या पोटात करतो. (म्हणून ब्लूटूथ स्पीकरवर ऐकताना या डबीचा काही उपयोग नाही, आकडे तिला वळसा घालून जातात.) हे काम आता अवघड राहिलेलं नाही आणि चांगली चिप महागही नाही. अवघड आहे ते शेजार सांभाळणं. लॅपटॉपमध्ये आवाजाच्या चिपला लागूनच प्रोसेसर, पंखा, पडद्याचा दिवा, चार्जिंग यांची विजेची धांदल चालू असते आणि त्यातलं थोडं गाण्यात झिरपतं. बाहेरची डबी त्या गर्दीतून बाहेर पडते, तिची खरी किंमत तिथे आहे. म्हणून माझा कानमंत्र एकच: नव्या डॅकमध्ये काय वाढलं ते शोधत बसू नकोस, आधी काय गेलं ते ऐक.

ते ऐकायला गाणं लागत नाही. रात्री पंखा बंद कर, खिडकी लाव. आधी जुन्या पद्धतीने, लॅपटॉपच्या भोकातून वायर अँपला जोड. काहीही न वाजवता अँपची कळ नेहमीपेक्षा थोडी वर ने आणि ट्वीटरपासून वीतभर अंतरावर कान ने. मग एका हाताने माउस फिरव, एखादं लांबलचक पान वरखाली सरकव, पेन ड्राइव्हवर मोठी फाइल कॉपी कर. पुष्कळ लॅपटॉपमध्ये माउसच्या चालीबरोबर बारीक चिरचिर ऐकू येते, फाइल कॉपी होताना तिचा सूर बदलतो. आता कळ खाली आण, डॅक लाव, कळ पुन्हा तिथेच ने आणि तेच सगळं कर. चिरचिर गेली असेल, मागे फक्त अँपची स्वतःची मऊ सुरसुर उरली असेल, तर तुझे पैसे वसूल झाले. गाणं लावण्याआधी कळ खाली आणायला मात्र विसरू नकोस, नाहीतर ट्वीटर जातील आणि कानालाही बरं नाही.

चिरचिर गेली पण खालच्या पट्टीत घूंऽऽ अशी एकसारखी घुमी येतेय असं झालं, तर तो डॅकचा दोष असेलच असं नाही. लॅपटॉपचा चार्जर काढून बघ. घुमी थांबली तर लॅपटॉप आणि अँप दोन वेगवेगळ्या वाटांनी अर्थिंगला पोचताहेत आणि त्या फेऱ्यात आपल्या घरची ५० हर्ट्‌झची वीज गातेय. दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घेतलं की बहुतेकदा भागतं. नाही भागलं तर गाणं ऐकताना लॅपटॉप बॅटरीवर चालव. कुणी म्हणेल, तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन काढून टाक, घुमी जाते. जाते खरी, पण ती अर्थची पिन आहे. २३० व्होल्टच्या घरात, धातूच्या डब्याच्या अँपला हात लावणारी तू आहेस. असलं काही माझ्या हयातीत करायचं नाही.

घुमीवर खात्रीचा उपाय ऑप्टिकल वायर. तिच्यातून वीज जातच नाही, उजेड जातो, त्यामुळे फेरा आपोआप तुटतो. टीव्हीचा आवाज डॅकवर घेशील तेव्हा हीच वापर. नव्या वायरीच्या दोन्ही टोकांना पारदर्शक प्लास्टिकची इवलीशी टोपी असते, ती काढ, नाहीतर वायर भोकात बसणार नाही. दुसऱ्या टोकाला लाल उजेड दिसला म्हणजे वाट मोकळी आहे. एवढं करूनही आवाज नाही आला तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'पीसीएम' कर. ते डॉल्बीवर राहिलं तर साध्या डॅकला ती भाषा कळत नाही.

मग गाणं. लोक नवा डॅक आला की ढोल-ताशे, विमानं, काचा फुटणं असलं काहीतरी लावतात. तू तंबोरा लाव. तंबोऱ्यांच्या गावी, मिरजेला लहानपण गेलेल्या माणसाने हे सांगावं यात नवल नाही, पण कारण ऐक. ख्यालाच्या चांगल्या ध्वनिमुद्रणात गवई 'सा' लावायच्या आधी काही क्षण नुसते तंबोरे वाजतात. पंचम, दोन जोड, मग खर्ज. खर्जाची तार छेडली की जवारीच्या दोऱ्यामुळे तिच्यातून एकामागून एक स्वर उमलतात आणि पाठोपाठ गंधार वर येतो, तारेवर कुणी न लावलेला. स्वयंभू गंधार म्हणतात तो. तारेच्या मूळ कंपनाच्या पाचपट वेगाचं ते कंपन आहे. तो गंधार येतो की नाही हे तुझ्या डॅकवर अवलंबून नाही, साध्या फोनवरही तो येतो. ऐकायचं आहे ते पुढचं: खर्ज विरत जातो आणि पंचम पुन्हा छेडला जातो, त्या मधल्या जागेत नाद किती लांबपर्यंत ऐकू येतो आणि तो कशात बुडतो. खरखरीत बुडतो की शांततेत? दोन तंबोरे असतील तर ते वेगळे ऐकू येतात का, एक डावीकडे, एक उजवीकडे? मग तबला येईल. डग्ग्याच्या घिश्शाचा शेवट तसाच ऐक, मनगट घासत पुढे जातं तिथे नाद वर चढत चढत विरतो. ठोका सगळ्याच यंत्रांवर चांगला वाजतो. त्याची शेपटी कुठवर पोचते ते पाहायचं.

जे ऐकशील ते पाठ असलेलं असू दे. नवं मुद्रण नव्या यंत्रावर ऐकलं तर काय कशामुळे ते कळणार कसं?

आणि मुद्रणाकडून नको त्या अपेक्षा ठेवू नकोस. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांचं गाणं ७८च्या तबकड्यांवर आहे, एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं. त्या तंत्रात वरच्या पट्टीतलं फारसं उतरतच नसे. त्याची २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्‌झची फाइल कुणी विकत असेल तर घेऊ नकोस, सीडीच्या मापात ते सगळं मावून वर जागा उरते. तीच गोष्ट मैफिलींच्या जुन्या कॅसेटींची. त्यांची एमपी३ करताना जे गळलं ते डॅक परत आणू शकत नाही, उलट स्वच्छ वाटेवर खरखर जास्त ऐकू येते. त्याने खट्टू होऊ नकोस. खाँसाहेबांचा सूर त्या खरखरीच्या पलीकडून आजही थेट पोचतो, आणि मला विचारशील तर ते ऐकायला डॅकची अटच नाही.

लॅपटॉपमध्ये थोडीशी मांडणी लागेल. साउंड सेटिंगमध्ये डॅक निवडून त्याचा फॉरमॅट ४४.१ किलोहर्ट्‌झ कर, कारण तुझी बहुतेक गाणी त्या मापाची आहेत. सिनेमे ४८चे असतात, पण त्यासाठी रोज बदलत बसू नको, ऐकून फरक कळणार नाही. डॅकवर दोन-चार 'फिल्टर' असतील, फास्ट, स्लो वगैरे. त्यांचं बहुतेक काम २० किलोहर्ट्‌झच्या आसपास आणि त्याच्या वर चालतं, तिथे माणसाचा कान संपतो. पहिलं असेल तेच ठेव आणि विसर.

शंभर-दोनशे तास चालल्यावर डॅक 'उघडतो' असं कुणी सांगेल. डबीत घासून मोकळं व्हावं असं काही हलतच नाही. बदलतो तो कान, त्याला सवय होते. आणि या तासांच्या नादात परत करायची मुदत निघून जाते, हे नुकसान मात्र खरं असतं. म्हणून चिरचिर, घुमी, एका बाजूचा आवाज कमी असणं, मधेच टक् होणं हे सगळं पहिल्या आठवड्यातच तपास. 'आवडला की नाही' याला वेळ दे. पातळी जुळवून झाली की धाकट्याला सांग, तुझ्याकडे पाठ करून वायर बदल आणि कोणती लावली ते कागदावर लिही. तू तुझा अंदाज लिही. नंतर दोन्ही कागद ताडून बघा. फरक कळला नाही तरी डॅक वाईट ठरत नाही. तुझ्या लॅपटॉपचा आवाज मुळात चांगला होता एवढंच ठरतं.

हेडफोनचं एक राहिलं. तुझ्या डबीला हेडफोनचं भोक आहे, त्यात कानातले बारीक इअरफोन लावशील तेव्हा गेनचं बटण 'लो'वर ठेव. 'हाय'वर त्यांत सुरसुर ऐकू येते आणि कळ जरा फिरवली तरी आवाज अंगावर येतो. 'हाय' ठेवलंय ते ३०० ओहमच्या मोठ्या हेडफोनसाठी.

पुढचे पैसे याहून महाग डॅकवर घालू नकोस, तिथे कानाला मिळण्यासारखं फार थोडं उरलंय. स्पीकर अजून त्या कपाटात पुस्तकांच्या मध्ये कोंबलेले आहेत ना? ते बाहेर काढ. तू बसल्यावर ट्वीटर कानाच्या उंचीला येईल असे दोन स्टँड सुताराकडून करून घे, भिंतीपासून हात-दीड हात पुढे ठेव आणि दोन्हींपासून सारख्या अंतरावर बस. समोरच्या काचेच्या खिडकीला जाड पडदा लाव. मल्टिमीटर माझ्याकडे आहे, येताना घेऊन येतो. तोवर डॅकचा खोका आणि बिल टाकू नकोस.