कुत्री घेऊन सहलीला निघताय? आधी लस, मग समुद्र



1901 साली लहानग्या भीमरावांना आणि त्यांच्यासोबतच्या मुलांना मसूर स्टेशनवरून कोरेगावला जायचं होतं. जात कळल्यावर गाडीवान गाडीत बसेना. दुप्पट भाडं देऊन गाडी स्वतःच हाकावी लागली आणि वाटेत प्यायला पाणीही मिळालं नाही. आज हुपरीच्या आपल्या वस्तीतलं जोडपं स्वतःच्या गाडीत दोन कुत्री बसवून गगनबावड्यावरून कोकणात उतरतं, याचा मला आनंद वाटतो. सहल हा आपलाही हक्क आहे. पण तयारी हवी.

गेल्या हिवाळ्यात असंच एक जोडपं मालवणला गेलं होतं. किनाऱ्यावरची भटकी कुत्री यांच्या कुत्र्यांवर धावली. सोडवायला नवऱ्याने मध्ये हात घातला आणि मनगटाला चावा बसला. बायकोचा फोन आला, "ताई, जास्त नाही, दोनच दात लागलेत. हे म्हणतात, परवा घरी आल्यावर बघू."

मी म्हटलं, "परवा नाही, आत्ता. आधी नळाखाली हात धरा."

एवढी घाई कशासाठी? रेबीजचे विषाणू पिसाळलेल्या जनावराच्या लाळेत असतात. ते जखमेतून नसांमध्ये शिरतात आणि नसांच्या वाटेने मेंदूकडे सरकतात. मेंदूत पोचून लक्षणं दिसू लागली, की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. त्याआधी योग्य उपचार घेतले तर हा आजार टळतो. जखम हात, चेहरा किंवा मानेवर असेल तर धोका जास्त, कारण तिथे नसा दाट असतात. चेहरा आणि मान तर मेंदूच्या जवळच.

चावल्यावर काय करायचं?

1. वाहत्या पाण्याखाली साबण लावून 15 मिनिटं जखम धुवा. नंतर आयोडीनचं औषध लावा. हळद, चुना, तिखट, तेल काही लावू नका. घट्ट पट्टी बांधू नका.
2. जिथे असाल तिथल्या सरकारी दवाखान्यात त्याच दिवशी जा. लस मोफत असते. नुसतं ओरखडलं असेल तरीही जा.
3. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत सीरम घ्यावं लागतं. लसीने अंगात ताकद तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, तोवर सीरम राखण करतं. लहान दवाखान्यात ते नसेल तर कुठे मिळेल ते तिथेच विचारा.
4. सरकारी दवाखान्यात लस बहुधा कातडीत देतात. पहिला दिवस शून्य धरून 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी. दंडात देत असतील तर 14 व्या दिवशीही. पोटात 14 सुया टोचायचा काळ कधीच गेला.
5. कार्ड जपा. मालवणात सुरू केलेला कोर्स घरी येऊन पुरा करता येतो. एकही डोस चुकवू नका. गरोदर बाई आणि तान्ह्या बाळालाही ही लस चालते.

त्या भावाने तिथेच सीरम आणि पहिला डोस घेतला, बाकीचे इकडे घेतले. आता तो ठणठणीत आहे. त्यांच्या एका कुत्र्याला दरवर्षी लस होती. दुसऱ्याची राहून गेली होती आणि त्यालाही चावा बसला होता. त्याला वेगळं बांधून इंजेक्शनांचा पूर्ण कोर्स द्यावा लागला. पोरं त्याच्याकडे बघून रडायची.

निघण्याआधी

पिल्लाला तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची लस द्या, पुढे पशुवैद्य सांगतील तशी दरवर्षी. पहिलीच लस असेल तर निघण्याच्या निदान महिनाभर आधी. लसीचं कार्ड गाडीत ठेवा. किनाऱ्यावर कुत्र्याला दोरी हवीच. भांडण झालं तर मध्ये हात घालू नका. दोरीने मागे ओढा, पाणी मारा. गाडी उन्हात बंद करून कुत्र्याला आत ठेवू नका, थोड्या वेळात जीव जातो.

कुणी म्हणेल, अमक्या गावचा बाबा मंत्र घालून विष उतरवतो. कालाम सुत्तात तथागतांनी सांगितलंय, ऐकीव गोष्ट पारखल्याशिवाय मानू नका. आपण हुपरीची माणसं. चांदीसुद्धा तपासल्याशिवाय घेत नाही, मग जिवाचा सौदा न तपासता कसा करायचा?

मुक्या जिवावर मैत्री करा. त्या मैत्रीची सुरुवात लसीपासून होते.

जय भीम, नमो बुद्धाय.