चोर पहिल्याच पानावर ओळखू येतो!

प्रश्न : माझी नऊ वर्षांची मुलगी रहस्यकथा लिहितेय. मोती कुत्रा आणि मनी मांजर निकोबारला सुट्टीवर जातात, तिथे पातेलं चोरीला जातं. पण चोर लगेच कळतो. तिला काय सांगू?

उत्तर : चोर त्याच बेटावरचा निवडा, म्हणजे पुरावे आपोआप मिळतील. निकोबारला नारळी खेकडा असतो. वजन चार किलोपर्यंत, नाक तिखट, झाडावर चढण्यात पटाईत. वासाच्या मागे येऊन तो भांडीसुद्धा ओढून नेतो. संशय मात्र आधी तिथल्या लांब शेपटीच्या माकडांवर जाऊ द्या. मग मनीला आठवू दे, की चोरी रात्री झाली आणि माकडं तर रात्री झोपतात! खेकडा म्हटल्यावर सगळे समुद्राकडे धावतील. पण मोठा झालेला हा खेकडा पाण्यात बुडून मरतो, म्हणून मोतीला माग जंगलाकडे लागतो.

प्रत्येक पुरावा वाचकालाही आधी दिसलाच पाहिजे. मुलं फसवणूक माफ करत नाहीत. तिला शेवट आधी लिहायला सांगा, मग पुरावे मागे पेरत जायला. मधल्या चुका तुम्ही सुधारू नका, तिलाच शोधू द्या.