अक्षरांची अदलाबदल

वर्तमानपत्रांच्या बालविभागात एक कोडे नेहमी येते. 'ल, क, म' अशी विस्कटलेली अक्षरे द्यायची आणि त्यांतून शब्द ओळखायला सांगायचे. तीन अक्षरांच्या मांडण्या होतात सहा. त्यांतून आपल्या नित्य परिचयाचे शब्द निघतात दोन, 'कमल' आणि 'कलम'. अक्षरे तीच, पण दोघांचे एकमेकांशी काही नाते नाही. कमल संस्कृतातले, कलम अरबीतून आलेले. अक्षरे जुळली म्हणून कूळ जुळत नाही.

याच्या उलट प्रकार बोलण्यात घडतो. तेथे वर्ण जागा बदलतात आणि अर्थ मात्र तोच राहतो. व्याकरणकार याला वर्णविपर्यय म्हणतात. आमच्या घरी 'नुकसान' कोणी म्हणत नाही, 'नुस्कान' म्हणतात. 'मतलब'चे 'मतबल' होते. वर्गात असा शब्द तोंडून निघाला की मागच्या बाकांवर खसखस पिकते. पण मराठी माणूस पाण्यात 'बुडतो' आणि हिंदी माणूस 'डूबतो', त्याला कोणी हसत नाही! (येथे उलटापालट हिंदीने केली आहे, प्राकृतात 'बुड्ड' असेच रूप आहे.)

बाराव्या शतकातील जैन आचार्य हेमचंद्र यांना या प्रकाराचे हसू आले नाही. त्यांनी 'सिद्धहेमशब्दानुशासन' या ग्रंथाच्या आठव्या अध्यायात प्राकृतचे व्याकरण दिले आहे, आणि त्यात अशा अदलाबदलीसाठी चक्क सूत्रे रचली आहेत. 'वाराणसी'चे 'वाणारसी' होते. आपले बनारस त्याच वाटेने आले. विदर्भातील 'अचलपूर'चे 'अलचपूर' होते. इंग्रजी अमदानीतील कागदपत्रांत दिसणारे 'एलिचपूर' ते हेच. आणखी एक सूत्र तर 'महाराष्ट्र' या शब्दासाठीच आहे. त्यातील 'ह' आणि 'र' यांनी जागा बदलल्या आणि 'मरहट्ठ' झाले. 'मराठा' आणि 'मराठी' हे शब्द त्यातून आले. म्हणजे ज्या भाषेच्या शुद्धतेसाठी आपण एवढे भांडतो, तिचे नावच मुळी अक्षरांच्या उलटापालटीतून घडले आहे.

ही उदाहरणे शेजारी शेजारी मांडली असता एक गंमत दिसते. 'वाराणसी'त 'र' आणि 'ण' यांनी जागा बदलल्या, पण 'रा'मधला 'आ' त्यांच्याबरोबर गेला नाही. तो दुसऱ्या जागीच राहिला आणि नव्याने आलेल्या 'ण'ला चिकटला. 'नुकसान'मध्ये 'क' आणि 'स' उलटले, 'आ' होता तेथेच आहे. 'बुड' आणि 'डुब' यांतला 'उ'ही पहिली जागा सोडत नाही. व्यंजने सरकतात, स्वर जागा धरून बसतात. कोड्यातली अक्षरे कशीही विस्कटतात. जिभेचे तसे नाही. नुस्कान म्हणणारी माणसे हा नियम कोठे शिकली नाहीत, तरी तो पाळतात.

सर्वांत सुंदर उदाहरण 'ललाट' या शब्दाचे आहे. ललाट म्हणजे कपाळ. प्राकृतात 'ट'चा 'ड' झाला, मग 'ल' आणि 'ड' उलटले, आरंभीच्या 'ल'चा 'ण' झाला आणि 'णडाल', 'णिडाल' अशी रूपे आली. 'आ' येथेही जागचा हलला नाही. मराठीत त्याचेच झाले 'निढळ'. आता 'निढळाचा घाम' म्हणजे कोणता घाम, हे वेगळे सांगायला नको.