बक्कल नंबर आणि भिल्लांची पलटण

पर्वत पाटिया, लिंबायत, उधना या भागांत राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांचं मूळ गाव खानदेशात. सुट्टी लागली की उधन्याहून भुसावळकडची गाडी पकडायची. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर मागे पडतं आणि मग धरणगाव येतं. खिडकीतून स्टेशनची पाटी वाचताना क्वचितच कोणाच्या मनात येतं, की एका वेगळ्याच पोलीस दलाचं मुख्य ठाणं या गावात होतं. त्या दलाचं नाव खानदेश भिल्ल कोअर, म्हणजेच भिल्ल पलटण.

आधी थोडी पार्श्वभूमी. गावाची राखण आणि घाटवाटांचा पहारा हे भिल्लांचं जुनं काम. त्या बदल्यात त्यांना गावाकडून हक्क मिळत. गावचा जागल्या हा त्याच व्यवस्थेतला माणूस. पेशवाईच्या शेवटच्या काळात लढाया, दुष्काळ आणि सरकारी कत्तली यांनी ही घडी मोडली. हक्क गेले, तेव्हा राखण करणारेच लुटारू ठरले. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे आला. त्यांनी सुरुवातीला बळ वापरून पाहिलं, पण डोंगर काही हाती येईना.

तेव्हा मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने वेगळा विचार केला : भिल्लांनाच पोलीस करायचं. १८२५ मध्ये हे काम जेम्स औट्रम या बावीस वर्षांच्या अधिकाऱ्याकडे आलं. तो डोंगरात भिल्लांमध्ये मिसळला, त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारीला गेला. सुरुवातीला त्याच्याकडे आले फक्त नऊ जण! त्या नऊ जणांपासून पलटण वाढत गेली. सोबत काही कुटुंबांना शेतीसाठी जमीन आणि तगाई देऊन वसवण्याचं कामही चाललं.

इथपर्यंत गोष्ट सरळ वाटते. पण १८५७ आलं आणि खरा पेच उभा राहिला. खाज्या नाईक हा भिल्ल पुढारी आधी इंग्रजांच्याच नोकरीत सेंधवा घाटाची राखण करत होता. ताब्यातल्या एका माणसाच्या मृत्यूवरून त्याची नोकरी गेली, तुरुंगवास झाला. १८५७ मध्ये तोच उठावाचा नेता झाला. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात आंबापाणी इथे त्याच्या लोकांची इंग्रजी फौजेशी लढाई झाली. पकडलेल्या अनेकांना गोळ्या घातल्या गेल्या, बायकांना कैद झाली. आणि त्या इंग्रजी फौजेत भिल्ल पलटणीचे शिपाईही होते. म्हणजे एकाच समाजाची माणसं समोरासमोर उभी होती. त्या शिपायाला काय म्हणायचं? इमानी की फितूर? पोटासाठी बंदूक धरणाऱ्याला आज घरात बसून असा शिक्का मारणं सोपं आहे. म्हणूनच थांबून विचार करायला हवा.

पुढे पलटणीचं वेगळं अस्तित्व संपलं. ए. एच. ए. सिमकॉक्स यांनी १९१२ मध्ये तिचा इतिहास इंग्रजीत प्रसिद्ध केला, तो १८२५ ते १८९१ या काळाचा. १८८० च्या खानदेश गॅझेटिअरमध्येही माहिती सापडते. पण हे सगळं साहेबाच्या लेखणीतून आलेलं. औट्रमची कबर लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत आहे, कोलकात्यात त्याचा घोड्यावरचा पुतळा आहे. त्या पहिल्या नऊ जणांची नावं मात्र आपल्याला शाळेत कोणी सांगितली नाहीत.

मग आपल्याकडे आठवण म्हणून काय उरलं? भाषेच्या विद्यार्थ्याने आधी शब्दांची पेटी उघडावी. पोलिसाच्या पट्ट्याचं पितळी बक्कल, त्यावरून ‘बक्कल नंबर’. आज पट्टा बदलला तरी हवालदाराची ओळख सांगताना हाच शब्द तोंडी येतो. ‘नाईक’ पाहा : भिल्लांच्या टोळीचा पुढारी नाईक, आणि अगदी अलीकडेपर्यंत महाराष्ट्र पोलिसांत पोलीस नाईक हे पदही होतं. ज्याला पकडायचं तोही नाईक, पकडणाराही नाईक! ‘पलटण’ हा शब्द इंग्रजी फौजेतून आला आणि आता आपण घरच्या पोरांच्या घोळक्यालाही पलटण म्हणतो.

दुसरी पेटी घरातली. कोणाच्या आजोबा-पणजोबांनी पोलिसात नोकरी केली असेल, तर जुना बिल्ला, बक्कल, पेन्शनचा कागद, गणवेशातला फोटो कुठेतरी ट्रंकेत असेल. भंगारात देण्याआधी तो बघा. मागे नाव, गाव, साल लिहून ठेवा. पितळ घासून चकचकीत करू नका, घासताना अक्षरं झिजतात. आणि जवळ बसून विचारा, “आबा, तेव्हा कोणाला पकडायला लागायचं? कधी ओळखीचा माणूस समोर आला का हो?”

उत्तर लगेच मिळणार नाही. मिळालं तर त्यांच्याच अहिराणीत, भिलीत जसंच्या तसं लिहून घ्या. साहेबाच्या पुस्तकात जे नाही, ते कदाचित तिथेच सापडेल.