राजाचे केस

शमशोनाच्या केसांची गोष्ट आपण शास्ते ह्या पुस्तकात वाचिली आहे. तेथे केस ही नवसाची खूण होती. यूरोपात एका राजघराण्याने केसांस राजसत्तेची खूण मानिले होते. त्याची हकीकत येथे देतो.

ज्या देशास आता फ्रान्स म्हणतात, तेथे ५ व्या शतकापासून ८ व्या शतकापर्यंत फ्रँक लोकांच्या मेरोव्हिंजियन घराण्याचे राज्य होते. ह्या घराण्यातील राजपुत्रांच्या केसांस बाळपणापासून कात्री लावीत नसत. प्रजेस तसे लांब केस ठेवण्याची मोकळीक नव्हती. ह्यामुळे कोणा राजपुत्राचे केस कापिले म्हणजे, निदान ते पुनः वाढेपर्यंत, त्याचा गादीवरील हक्क गेला असे समजत.

इ. स. ५२४ मध्ये क्लोदोमेर राजा लढाईत पडला. त्याची तीन मुले आपली आजी क्लोटिल्डा राणी हिजपाशी वाढत होती. त्यांचे राज्य आपणांस मिळावे म्हणून चुलते शिल्डेबर्ट व क्लोथार ह्यांनी कपटाने मुलांस बोलावून नेले, आणि राणीकडे एक कात्री व एक नागवी तरवार पाठविली. मुलांनी केस कापून जगावे की मरावे, हे तिने सांगावे, असा निरोप होता. दुःखाने व संतापाने भान हरपून ती बोलून गेली की, राज्य मिळणार नसेल तर केस कापिलेले पाहण्यापेक्षा मेलेले पुरवतील. क्लोथाराने १० व ७ वर्षांच्या दोघां पुतण्यांस स्वहस्ते ठार केले. ही हकीकत तूर येथील बिशप ग्रेगरी ह्यांनी त्याच शतकात लिहून ठेविली आहे.

तिसरा, क्लोदोआल्ड, शूर लोकांच्या साह्याने वाचला. पुढे त्याने आपल्या हाताने आपले केस कापिले, राज्याची आशा सोडिली व तो धर्मसेवक झाला. पॅरिसजवळील सें-क्लू हे गाव आजही त्याचेच नाव चालवीत आहे.

कालांतराने खरी सत्ता राजवाड्याच्या कारभाऱ्यांकडे गेली. राजांपाशी पदवी व लांब केस एवढेच उरले. शेवटी ७५१ मध्ये शिल्डेरिक तिसरा ह्याचे केस कापून त्यास मठात पाठविले, आणि कारभारी पेपिन राजा झाला.

हा धडा शिकविणाऱ्या बंधूंनी मंडळीस विचारावे: क्लोटिल्डेने नातवांच्या जिवापेक्षा केसांस अधिक का मानिले? आणि आपल्या घरी लेकरांच्या सुखापेक्षा अधिक मानिलेली अशी मानाची खूण कोणती आहे?