सुट्टीत व्हायोलिन पेटीतच का?

प्रश्न : माझी दहा वर्षांची मुलगी हिंदुस्थानी पद्धतीने व्हायोलिन शिकते. मे महिन्यात क्लास बंद असला की ती वाद्याला हातही लावत नाही. पाहुण्यांसमोर वाजव म्हटलं, तर खोलीत जाऊन बसते. रोज तासभर बसवलं नाही तर शिकलेलं सगळं विसरेल का?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, महिनाभरात सगळं पुसलं जात नाही. व्हायोलिनला सतारीसारखे पडदे नसतात, त्यामुळे खंड पडला की आधी बोटांच्या जागा चुकतात आणि सूर किंचित चढा-उतरा लागतो. ते कानाला लगेच बोचतं, म्हणून मुलं वाद्य टाळतात. आपण त्याला आळस म्हणतो. यावर तासभराच्या सक्तीपेक्षा रोजची पंधरा मिनिटं बरी. तानपुरा लावून सा आणि प यांवर लांब गज, मग तिच्या आवडीचं एखादं गाणं. नुसती गाणीच वाजवली तर शिस्त जाईल, ही शंका रास्त आहे, पण आवडतं गाणं सुरात आणायला हात घोटावाच लागतो. पाहुण्यांसमोर ऐन वेळी उभं करू नका (मोठ्यांनाही ते आवडत नाही!). आठवडाभर आधी विचारा, जुनी, हातात बसलेली एकच रचना तिला निवडू द्या. नाहीच म्हणाली, तर आजीला ध्वनिमुद्रण पाठवता येईल. चॉकलेटचं आमिष मात्र नको. ते थांबलं की रियाजही थांबतो. आणि वाद्य उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका, सांधे सुटतात. वाजवून झाल्यावर गजाचे केस सैल करायला तिलाच सांगा. मान किंवा मनगट दुखत असेल, तर रियाज थांबवून गुरुजींना बैठक दाखवा.