बहिरी ससाण्याचे शहरातील घरटे : निसर्गनिरीक्षणाचा एक पाठ

कॅनडा देशातील माँट्रिऑल शहरात सन लाइफ या विमा कंपनीची प्रचंड दगडी इमारत आहे. इ. स. १९३६ च्या सुमारास या इमारतीवर बहिरी ससाण्याचे एक जोडपे येऊन राहू लागले. विसाव्या मजल्याजवळ भिंतीबाहेर आलेल्या दगडी पट्टीची त्याने घरट्यासाठी निवड केली. खाली ट्रामगाड्यांचा खडखडाट, माणसांची वर्दळ. आणि वर उभ्या कड्यावर राहणारा हा रानपक्षी! तो शहरात कशासाठी आला असावा, हा प्रश्न शिक्षकाने प्रथम वर्गापुढे ठेवावा व उत्तर देण्याची घाई करू नये.

मुलांना थोडे विचारले म्हणजे उत्तर त्यांच्याकडूनच येते. ससाण्याच्या दृष्टीने उंच इमारत हा कडाच होय. तेथे माणूस किंवा मांजर सहसा पोहोचत नाही, समोर मोकळे आकाश असते, आणि शहरात पारव्यांना तोटा नसतो. हा पक्षी आपले भक्ष्य बहुधा हवेतच पकडतो. उंचावरून पंख मिटून तो सूर मारतो तेव्हा त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरांहून अधिक होतो. (‘बहिरी’ या नावावरून पक्ष्याला ऐकू येत नाही, असा मुलांचा समज होण्याचा संभव आहे. या नावाचा बहिरेपणाशी संबंध नाही. ससाणे पाळणाऱ्यांच्या बोलीत ‘बहरी’ हे या पक्ष्याचे जुने नाव होते.)

बहिरी ससाणा काड्या गोळा करून घरटे बांधीत नाही. कड्याच्या कपारीतील माती किंवा बारीक खडे छातीने व पायांनी उकरून तो उथळ खळगा करतो आणि मादी त्यात तीन-चार तांबूस, ठिपकेदार अंडी घालते. माँट्रिऑलच्या इमारतीवर नेमकी येथेच अडचण आली. दगडी पट्टीवर माती नव्हती. अंडी उघड्या दगडावर राहिली व वाया गेली. जी. हार्पर हॉल हे पक्षिप्रेमी गृहस्थ या जोडप्यावर लक्ष ठेवून होते. १९४० साली वाळू व बारीक खडे भरलेली उथळ पेटी त्या ठिकाणी ठेवण्यात आली. मादीने तीत खळगा केला, अंडी घातली आणि पिले बाहेर आली. उपाय किती साधा! परंतु तो सुचण्यापूर्वी अंडी का नासतात हे कोणीतरी तेथे जाऊन पाहिले होते, ही गोष्ट मुलांच्या नजरेस अवश्य आणून द्यावी.

पुढे १९५२ पर्यंत या इमारतीवर ससाण्यांची वीण होत राहिली. अंडी सुमारे एक महिना उबवावी लागतात. उबविण्याचे बरेचसे काम मादी करते, तर नर भक्ष्य आणून देतो. नर मादीपेक्षा आकाराने बराच लहान असतो. पुष्कळदा तो उडता उडताच भक्ष्य सोडून देतो व मादी ते हवेतच झेलते. पिले सुमारे सहा आठवड्यांनी उडू लागतात. हॉल यांनी आपल्या निरीक्षणांची हकीकत १९५५ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली.

मात्र याच सुमारास अमेरिकेत व युरोपात बहिरी ससाणा झपाट्याने नाहीसा होऊ लागला होता. अमेरिकेच्या पूर्व भागातील शंभराहून अधिक जुन्या घरट्यांच्या जागा १९६४ मध्ये तपासण्यात आल्या, तेव्हा एकाही जागी जोडपे आढळले नाही. ब्रिटनमध्ये डेरेक रॅटक्लिफ या निसर्गशास्त्रज्ञास घरट्यांत फुटलेली अंडी वारंवार दिसत होती. त्यांनी संग्रहांतील जुन्या अंड्यांची कवचे नव्या कवचांशी ताडून पाहिली. अंडी जमविण्याचा छंद पक्ष्यांना घातकच. पण त्या पेट्यांतील जुनी कवचे येथे पुराव्यास उपयोगी पडली. १९४६-४७ नंतरची कवचे सुमारे एक-पंचमांशाने पातळ झाल्याचे आढळले आणि १९६७ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

कारण होते डीडीटी. फवारलेले विष किड्यांच्या अंगात, किड्यांतून लहान पक्ष्यांच्या अंगात व तेथून ससाण्याच्या अंगात साठत गेले. प्रत्येक पायरीला त्याचे प्रमाण वाढले. अंड्याचे कवच तयार होताना लागणारा चुना त्यामुळे पुरेसा बसेना, आणि उबविणाऱ्या आईच्या भारानेच अंडी फुटू लागली. हिवतापाच्या मोहिमेत हीच फवारणी आपल्या खेड्यांतील घरांच्या भिंतींवर झाली व तिने असंख्य माणसे वाचविली, हेही मुलांना सांगावे. एका बाजूची हकीकत सांगून दुसरी झाकणे हे शिक्षकाला शोभत नाही.

अमेरिकेत १९७२ साली डीडीटीच्या सर्वसाधारण वापरावर बंदी आली. कॉर्नेल विद्यापीठात टॉम केड यांनी बंदिस्त जागी ससाण्यांची पैदास करून पिले बाहेर सोडण्याचे काम आरंभिले होते. १९८३ मध्ये न्यूयॉर्क शहरातील दोन मोठ्या पुलांवर जोडप्यांनी घरटी केली. शहरातील पूल व इमारती आता त्यांचे नेहमीचे कडे बनले आहेत.

आपल्याकडे सह्याद्रीच्या कड्यांवर याच पक्ष्याची शाहीन नावाची जात राहते, आणि हिवाळ्यात उत्तरेकडूनही बहिरी ससाणे येतात. तथापि खेड्यातील प्रत्येक शाळेला ते दिसतीलच असे नाही. त्यांच्याऐवजी घारीचे उंच झाडावरील घरटे किंवा शाळेच्या वळचणीचे पारवे निवडावेत. तीन-चार मुलांचा एक गट करून रोज ठरावीक वेळी पंधरा मिनिटे, घरट्यापासून दूर उभे राहून पाहण्यास सांगावे. तारीख, वेळ, हवामान, कोण आले, काय आणले, एवढे नोंदवहीत लिहिले म्हणजे पुरे. झाडावर चढणे, अंडी हाताळणे यास सक्त मनाई असावी. पक्षी अस्वस्थ होऊन ओरडू लागला, तर मुलांनी तत्काळ मागे सरावे.

काही दिवशी लिहिण्याजोगे काहीच घडणार नाही. त्या दिवशी ‘काही दिसले नाही’ असे लिहावे, रकाना कोरा सोडू नये. अंडे फुटलेले दिसले तर तेही लिहावे, आणि वर्षअखेर ती वही शाळेच्या कपाटात पुढील वर्षाच्या मुलांसाठी ठेवावी.